विमानात धूर निघाला आणि मी डब्याचं झाकण लावत बसले

शेवंती | सोमवार, रात्री ९:१०

गेल्या महिन्यात आईला घेऊन नागपूरहून पुण्याला येत होते. संध्याकाळचं विमान, खच्चून भरलेलं. आईची चतुर्थी होती म्हणून साबुदाण्याची खिचडी घरूनच नेली होती. विमान वर स्थिरावलं, पट्ट्याचा दिवा विझला, आईने दोन घास खाल्ले असतील-नसतील, तोच आमच्या पुढच्या दुसऱ्या रांगेतून धूर यायला लागला. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाची पॉवर बँक पेटली होती. ज्वाळा मला दिसली नाही, पण फटाक्याच्या वातीसारखा सूंऽऽ आवाज आला आणि मग जळक्या प्लास्टिकचा इतका उग्र वास, की डोळ्यांत पाणीच आलं.

त्यापुढची दीड-दोन मिनिटं जशी घडली तशी सांगते, धागा त्यासाठीच काढलाय. कोणीही किंचाळलं नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ फोनवर मालिका बघत होते, ते बघतच राहिले, फक्त त्यांचा अंगठा थरथरत होता. पलीकडे तिघे उठून उभे राहिले आणि त्यातल्या एकाने वरचा कप्पा उघडून बॅग ओढायला सुरुवात केली. विमान हवेत होतं! दोन-तीन फोन वर आले, रेकॉर्डिंग सुरू. आणि मी डब्याचं झाकण लावत होते. त्या झाकणाला चार बाजूंनी चार कड्या आहेत, त्यातली एक बसत नव्हती. ती बसेपर्यंत मी दुसरं काहीही केलं नाही. आईने माझा दंड घट्ट धरला होता, तेही मला घरी आल्यावर बोटांचे वळ दिसले तेव्हा कळलं.

तेवीस-चोवीस वर्षांची एक हवाई सेविका धावत आली. "बाटल्या द्या, पाण्याच्या बाटल्या द्या!" एवढंच ती ओरडली, आणि त्या आवाजासरशी सगळे हलले. माझ्याही हातातला डबा सुटला, मी बाटली पुढे केली. तिने अग्निशामक मारला, मग बाटल्यांवर बाटल्या ओतल्या. पुढे सगळं नीट झालं, विमान वेळेवर उतरलं.

मला तेव्हापासून एकच गोष्ट सतावते आहे. मी शाळेत शिकवते, आगीची कवायत मुलांकडून दरवर्षी करून घेते. तरीही ती कडी मला आगीपेक्षा महत्त्वाची का वाटली? माणसं अशी का वागतात? ज्यांना अनुभव आहे, माहिती आहे, त्यांनी लिहा.

मोगऱ्याची_वेल | सोमवार, रात्री ९:३२

वाचून काटा आला अंगावर. आई बऱ्या आहेत ना?

शेवंती | सोमवार, रात्री ९:३५

हो, ठणठणीत. माझ्यापेक्षा तीच लवकर सावरली.

बावीस_वर्षं_आकाशात | सोमवार, रात्री १०:२०

शेवंती, मी बावीस वर्षं केबिन क्रूमध्ये काढली, आता निवृत्त आहे. पहिलं हे सांगते, की तुम्ही वेगळं काहीच केलं नाहीत. आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, की आरडाओरडा करणारा प्रवासी सापडेल एखादाच, पण नुसते बसून राहणारे पुष्कळ असतील. म्हणून आमच्या सूचना तुटक असतात आणि आम्ही त्या किंचाळून देतो. "कृपया आपण..." वगैरे तेव्हा नाही. "पट्टा सोडा! सामान सोडा! इकडे या!" दारात पाय अडला तर "उडी मारा!" आणि ढकलायचं. हो, खरोखर ढकलायचं. एरवी अदबीने बोलणारी मुलगी त्या वेळी खेकसते, कारण थिजलेल्या माणसापर्यंत दुसरा आवाज पोचत नाही. तुमच्या त्या पोरीने "शांत राहा" म्हटलं असतं तर कोणी हललं नसतं. तिने तुमच्या हातांना काम दिलं.

आता विमान रिकामं करण्याच्या नव्वद सेकंदांच्या अटीबद्दल. मोठं विमान बाजारात आणण्याआधी कंपनीला दाखवावं लागतं, की निम्मीच दारं वापरून, अंधारात, भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं. एअरबस ए३८० ची चाचणी २००६ मध्ये हॅम्बुर्गला झाली, ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर. पण त्या चाचणीत कोणी वरचा कप्पा उघडत नाही. खऱ्या प्रसंगात उघडतात. एक माणूस बॅग काढायला थांबला की त्याच्यामागची सगळी रांग थांबते, आणि ती बॅग घेऊन तो दाराबाहेर फुगणाऱ्या घसरगुंडीवर आला की चाकं, कड्या, टोकं त्या फुगवलेल्या कापडावर घासतात. ते फाटलं की ते दार मागच्यांसाठी बंद.

दुबईकर_पाटील | सोमवार, रात्री ११:०५

बॅगेचा विषय निघालाच आहे तर ३ ऑगस्ट २०१६ आठवतो. मी तेव्हा इथे दुबईतच होतो. तिरुवनंतपुरमहून आलेलं एमिरेट्सचं ५२१ क्रमांकाचं विमान दुबईला उतरताना पुन्हा वर उचलण्याच्या प्रयत्नात धावपट्टीवर आदळलं आणि घासत गेलं. आत ३०० माणसं, बहुतेक आपलीच, सुट्टी संपवून कामावर परतणारी. सगळी जिवंत बाहेर आली. पण आतला व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. धूर भरतोय, कर्मचारी ओरडताहेत, आणि लोक वरचे कप्पे उघडताहेत, लॅपटॉप शोधताहेत. विमान थांबल्यावर नऊएक मिनिटांनी मधल्या इंधनटाकीचा स्फोट झाला. त्यात विझवायला आलेला एक अग्निशमन जवान गेला.

त्या व्हिडिओवर लोक खूप बरळले. "मल्याळी हावरे", "इंडियन मेंटॅलिटी". मला ते तेव्हाही झोंबलं आणि आजही झोंबतं. ज्या माणसाचा पासपोर्ट, व्हिसाचे कागद, वर्षभराची बचत त्या पिशवीत आहे, ती गेली तर आपलं इथलं अस्तित्वच गेलं असं ज्याला वाटतं, त्याचा हात तिकडे जाणारच. तो बरोबर वागला असं म्हणत नाही. पण त्याला हावरट म्हणू नका. अमेरिकेत, युरोपातही विमानं रिकामी करताना लोक ट्रॉलीबॅगा घेऊन उतरल्याचे फोटो पाहिलेत मी.

सातारी_तर्री | सोमवार, रात्री ११:१४

पाटीलसाहेब, शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन.

मेंदूचं_दुकान | मंगळवार, सकाळी ७:५०

मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल.

शेवंती यांचा डबा आणि दुबईची बॅग ही मला एकच गोष्ट वाटते. नवं, भयंकर काही समोर आलं की मेंदू पटकन नवा मार्ग काढत नाही, तो ओळखीचा मार्ग शोधतो. धूर दिसल्यावर काय करायचं हे हातांनी कधी केलेलं नसतं. डबा बंद करणं हजार वेळा केलेलं असतं. विमान थांबलं की उभं राहून बॅग काढायची, हेही. आपण घाबरून वेडे होत नाही, सवयीप्रमाणे वागतो, आणि त्या क्षणी ती सवयच चुकीची ठरते.

याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे कमरेचा पट्टा. अपघातांतून वाचलेल्यांनी सांगितलंय, की पट्टा सुटेना म्हणून ते बाजूचं बटण शोधत होते. विमानाच्या पट्ट्याला बटण कुठे असतं? ते मोटारीच्या पट्ट्याला. विमानात मधली पट्टी वर उचलायची असते. पण बोटं रोज मोटारीत बसतात.

दुसरं उदाहरण मँचेस्टरचं. २२ ऑगस्ट १९८५, ब्रिटिश एअरटूर्सचं बोइंग ७३७, उड्डाणासाठी धावताना डावं इंजिन फुटून आग लागली. विमान जमिनीवरच थांबलं, तरी ५५ माणसं गेली, बहुतेक धुराने. पंखावरच्या आपत्कालीन दाराशेजारी बसलेल्या बाईंनी दार उघडायला म्हणून स्वतःच्या खुर्चीचा हात ओढला. दोन्ही जवळजवळ, दिसायला सारखं. ते दार सुमारे २२ किलोंचं, निघालं ते आत मांडीवर पडलं. दोष त्या बाईंचा होता का? त्यांना कोणी आधी दाखवलंच नव्हतं. आज त्या रांगेत बसल्यावर हवाई सेविका तुमच्याजवळ येऊन "मदत कराल ना?" असं वेगळं विचारते, तिथे जास्त मोकळी जागा असते, त्यामागे अशा अपघातांचे धडे आहेत.

याच अपघातानंतर इंग्लंडमधल्या क्रॅनफील्ड या संस्थेत प्राध्यापक हेलन म्युअर यांनी प्रयोग केले. स्वयंसेवक खऱ्या विमानात बसवले आणि बाहेर पडायला सांगितलं. सगळे शिस्तीत बाहेर. मग सांगितलं, की पहिल्या निम्म्या लोकांना पाच पौंड जास्त मिळतील. लगेच दाराशी चेंगराचेंगरी, खुर्च्यांवरून उड्या, दार तुंबलं. नुसत्या पाच पौंडांसाठी! म्हणजे "सगळ्यांना पुरेसा वेळ आहे" असं वाटतं तोवर माणसं एकमेकांना वाट देतात. "आता काहींनाच मिळणार" असं वाटलं की चित्र पालटतं.

नकोच_ते_उडणं | मंगळवार, सकाळी ८:३०

मग सोपा उपाय आहे की. वैमानिकाने एक बटण दाबलं की सगळे कप्पे कुलूपबंद. प्रश्न मिटला.

बावीस_वर्षं_आकाशात | मंगळवार, सकाळी ९:१५

ही सूचना अधूनमधून येतच असते. माझी भीती अशी, की कुलूप लागलंय हे प्रवाशाला कळेपर्यंत तो कप्प्याशी झटत बसेल. आज चार सेकंदांत निघणारी बॅग मग चाळीस सेकंद ओढेल. शिवाय अग्निशामक, ऑक्सिजनचे सिलिंडर काही विमानांत त्याच कप्प्यांतून असतात. आणि शेवंतींसारखा प्रसंग घ्या. पॉवर बँक वर बॅगेत पेटली असती आणि कप्पा उघडलाच नसता तर? जानेवारी २०२५ मध्ये कोरियात गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उभं असताना वरच्या कप्प्यातूनच आग लागली, १७६ जण बाहेर आले म्हणून वाचले, विमानाचं छप्पर जळून गेलं. म्हणून तर आता पॉवर बँक वर ठेवू नका, नजरेसमोर ठेवा म्हणतात.

तोक्योतला_सदाशिवपेठी | मंगळवार, सकाळी ११:४०

इथल्या हानेदा विमानतळावरच्या अपघाताचं कोणीच कसं लिहिलं नाही?

२ जानेवारी २०२४. आदल्याच दिवशी नोतोला मोठा भूकंप झालेला, सगळा देश टीव्हीसमोर. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास जपान एअरलाइन्सचं साप्पोरोहून आलेलं विमान उतरता उतरता तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. ते भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालं होतं. त्यातले पाच जण गेले. मोठं विमान पेटतच धावपट्टीवरून गेलं. आम्ही घरात ते थेट बघत होतो आणि माझी बायको म्हणाली, "संपलं सगळं." आत ३७९ माणसं होती. सगळी वाचली.

कसं, ते महत्त्वाचं. आतली उद्घोषणा यंत्रणा बंद पडली होती. कर्मचारी हातातल्या भोंग्यांतून आणि नुसत्या गळ्याने ओरडत होते. आठ दारांपैकी तीनच वापरता आली, बाकीच्यांबाहेर आग. मागच्या भागातल्या सेविकेचा वैमानिकांशी संपर्क होईना, तेव्हा आपल्याच जबाबदारीवर तिने डावं मागचं दार उघडलं. कॅप्टन सगळ्यांत शेवटी उतरले, विमान उतरल्यानंतर सुमारे अठरा मिनिटांनी. आणि बाहेर उभ्या असलेल्या लोकांचे फोटो पाहा, हातात बॅगा जवळपास नाहीत.

इथे राहून मला एक जाणवतं. जपानी माणूस वेगळ्या मातीचा आहे वगैरे म्हणणं सोपं आहे, पण त्या विमानातल्या व्हिडिओतही एक लहान मूल "लवकर बाहेर काढा" म्हणून विनवतंय, लोक रडताहेत. भीती तीच आहे. फरक हा, की इथे माझी मुलगी बालवाडीपासून भूकंपाची कवायत करते. टेबलाखाली जायचं, डोक्यावर गादीची टोपी, मग रांगेने मैदानात. ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही, ही चार वाक्यं तिला पाढ्यांसारखी पाठ आहेत. "मागे फिरायचं नाही" हे चौथं वाक्य म्हणजेच बॅग सोडणं, नाही का?

शेवंती | मंगळवार, दुपारी १:०५

सदाशिवपेठी, हे वाचून शाळेतल्या कवायतीत आम्ही काय चुकतो ते लख्ख दिसलं. आम्ही मुलांना सांगतो, "दप्तर घ्या आणि रांगेत या." कारण नंतर दप्तरांचा गोंधळ नको. उद्याच मुख्याध्यापकांशी बोलते.

गोळ्या_आणि_पाणी | मंगळवार, दुपारी २:२०

मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. "सामान सोडा" म्हणणं ठीक आहे, पण माझं इन्सुलिन बॅगेत असेल तर मी ती सोडायची कशी? आणि पासपोर्ट? पाटील यांनी म्हटलं तसं, परदेशात कागद गेले तर माणूस लटकतो.

बावीस_वर्षं_आकाशात | मंगळवार, दुपारी २:४५

ताई, तुमचं अगदी खरं आहे आणि त्यावर उत्तरही आहे. उड्डाण आणि उतरणं, या दोन वेळी ज्याच्याशिवाय चालणार नाही ते बॅगेत नाही, अंगावर ठेवा. खिशात, किंवा कमरेला पातळ बटवा. पासपोर्ट, एक दिवसाची औषधं, फोन. मग हात वरच्या कप्प्याकडे जायचं कारणच राहत नाही. आणि चपला-बूट उतरेपर्यंत पायातच असू द्या. जळक्या डांबरावर अनवाणी उतरलेली माणसं फार हाल सोसतात.

दुसरं, बसल्या बसल्या पुढच्या आणि मागच्या दारापर्यंतच्या खुर्च्या मोजा. धुरात दिसत नाही, पण हाताने चाचपत मोजता येतं. मी आजही नातवंडांसोबत जाताना मोजते.

खानदेशी_डॉक्टर | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

आग, धूर हे क्वचित. "विमानात कोणी डॉक्टर आहे का?" ही हाक त्या मानाने पुष्कळदा ऐकू येते. २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक मोठा अभ्यास आला होता: साधारण ६०४ उड्डाणांमागे एक वैद्यकीय प्रसंग, त्यात सगळ्यांत जास्त चक्कर किंवा भोवळ. निम्म्या प्रसंगांत प्रवाशांतलाच एखादा डॉक्टर मदतीला उठलेला.

मी स्वतः तीनदा उठलोय. पेशंटपेक्षा भोवतीची गर्दी जास्त छळते. एकदा एका आजोबांना भोवळ आली, मी त्यांना आडवं करून पाय वर घेत होतो आणि चार हात त्यांना उठवून बसवू पाहत होते, एक बाई तोंडात साखर घालत होत्या. सगळ्यांच्या मनात चांगलंच होतं. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, कृपा करून. वाट मोकळी करा आणि आपल्या जागेवर बसा. तीच मोठी मदत.

ऑक्सिजनच्या मास्कबद्दलही लिहितो. "आधी स्वतःला लावा, मग मुलाला" हे आईबापांना क्रूर वाटतं. पण ३५,००० फुटांवर हवेचा दाब गेला तर धड विचार करण्याइतकी शुद्ध अर्धा ते एक मिनिटच टिकते. आई मुलाच्या मास्कशी झटत असताना तीच कोसळली तर दोघंही गेले. आईने आधी लावला तर मूल काही सेकंद थांबू शकतं. मास्क खाली ओढावा लागतो, ओढल्यावरच ऑक्सिजन सुरू होतो, आणि पिशवी फुगली नाही तरी तो येत असतो. नाक आणि तोंड दोन्ही झाकायचं. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत साउथवेस्टच्या विमानाचं इंजिन फुटलं तेव्हाच्या फोटोत कितीतरी लोकांची नाकं उघडी होती. सूचना सगळ्यांनी शंभर वेळा ऐकलेली असते हो, पण पाहिलेली नसते.

नकोच_ते_उडणं | मंगळवार, रात्री ८:१०

कुलुपाचं माझं म्हणणं मागे घेतो. बावीस वर्षं यांचं पटलं.

अहमदाबादच्या विमान अपघातानंतर माझा एक मेहुणा दर वेळी ११ए मागतो, कारण त्या एकाच खुर्चीतला माणूस वाचला. याला काही अर्थ आहे का?

बावीस_वर्षं_आकाशात | मंगळवार, रात्री ८:४०

विमान बदललं की ११ए दुसऱ्याच ठिकाणी असते. एकात दाराशी, दुसऱ्यात दारापासून लांब. आकड्याला चिकटू नका, दार कुठे आहे ते बघा. त्या अपघातात विमानातलेच २४१ जण गेले, त्यांच्यात माझ्या ओळखीतली मुलं होती. त्यावर अधिक लिहवत नाही.

ऑरेंज_सिटी | मंगळवार, रात्री ९:२५

नागपूरचा उल्लेख झाला म्हणून. ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री कोळिकोडला एअर इंडिया एक्सप्रेसचं दुबईहून आलेलं विमान पावसात धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं, त्याचे कॅप्टन दीपक साठे. त्यांचे आईवडील आमच्या नागपुरातले. १९० पैकी २१ जण गेले, दोन्ही वैमानिकांसह. मला त्यातली माणसं आठवतात ती विमानाबाहेरची. कोविडचा कहर, लोक एकमेकांना शिवत नव्हते, आणि आजूबाजूच्या वस्तीतले लोक रिक्षा, जीप घेऊन धावले, अनोळखी लेकरं उचलून दवाखान्यात नेली, मध्यरात्री रक्त द्यायला रांगा लावल्या. ते कुठली कवायत शिकले होते?

मेंदूचं_दुकान | मंगळवार, रात्री १०:००

ऑरेंज सिटी, छान प्रश्न. माझं उत्तर असं, की कोणाला तरी उचलणं हेही हातांना माहीत असलेलं काम आहे. ते त्या लोकांनी आयुष्यभर केलेलं होतं.

मोगऱ्याची_वेल | मंगळवार, रात्री १०:१२

शेवंती, त्या मुलाचं पुढे काय झालं? ज्याची पॉवर बँक होती.

शेवंती | मंगळवार, रात्री १०:५०

त्याच्याबद्दल लिहायचं राहूनच गेलं. विमान उतरल्यावर लोक त्याला बोलत होते. "सगळ्यांना मारलं असतंस." एकाने तर व्हिडिओ काढत त्याचं नाव विचारलं. तो मान खाली घालून बसला होता. उजव्या तळव्यावर मोठा फोड आला होता, कारण पेटलेली वस्तू त्याने स्वतःच हाताने खुर्चीच्या कप्प्यातून खाली ओढून काढली होती. ते आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. त्या सेविकेने पाहिलं होतं. ती त्याच्या शेजारी टेकून ओल्या फडक्याने त्याचा हात धरून बसली होती.

बसमध्ये तो आमच्या समोरच उभा होता. आईने माझ्या मांडीवरचा डबा घेतला, त्या चार कड्या उघडल्या आणि म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लं नसशील बाळा. डाव्या हाताने खा." त्याने खाल्लं.